डार्विन–हूकर पत्रव्यवहार : बियाणे, शोक आणि संपादन

चार्ल्स डार्विन (१८०९–१८८२) आणि वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ डाल्टन हूकर (१८१७–१९११) यांच्यात १८४३ पासून डार्विनच्या मृत्यूपर्यंत सुमारे १४०० पत्रांची देवाणघेवाण झाली. विज्ञानाच्या इतिहासकारांनी या पत्रांतील सिद्धान्त उचलला, चरित्रकारांनी घरगुती मजकूर. ही वाटणी सोयीची असली तरी पत्र या वाङ्मयप्रकारावर अन्याय करणारी आहे.

११ जानेवारी १८४४ चे पत्र पाहावे. जाती अपरिवर्तनीय नाहीत अशी आपली जवळजवळ खात्री झाल्याचे डार्विन येथे सांगतो आणि हे सांगणे खुनाची कबुली देण्यासारखे आहे, असे कंसात म्हणतो. हा कंस इतका गाजला, की त्याच्या आधीच्या मजकुराकडे सहसा लक्ष जात नाही. तेथे एक साधी चौकशी आहे : ज्या बेटांवर मोठे चतुष्पाद नाहीत, तेथील खास वनस्पतींच्या बियांना आकडे असतात काय? जनावराच्या लोकरीत अडकण्याजोगे आकडे, जेथे लोकरीचे जनावरच नाही तेथे कशासाठी, हा त्यातील गर्भित प्रश्न. संकोची माणूस अवघड विषयापूर्वी इकडचे-तिकडचे बोलतो. येथे मात्र ते इकडचे-तिकडचे बोलणेही त्या अवघड विषयाचेच आहे. कबुली बियांच्या आडून येते.

२९ जून १८५८ च्या दोन पत्रांत ही गुंतागुंत अधिक तीव्र होते. आदल्या संध्याकाळी डार्विनचे तान्हे मूल दगावले होते आणि वॉलेसच्या लेखामुळे अग्रक्रमाचा पेच उभा होता. मृत्यूची वार्ता देणारा डार्विन त्याच दिवशी रात्री कागद धाडतो. त्यांत १८४४ चा जुना आराखडाही आहे. हूकरने तो वाचला होता, हे हूकरच्याच हस्ताक्षरावरून त्याला पटावे, एवढ्यासाठी. मित्राच्या अक्षराला येथे पुराव्याचे मोल येते. १ जुलैला लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन वाचले गेले.

२८ सप्टेंबर १८६३ रोजी हूकरची सहा वर्षांची मुलगी वारली. तासाभरातच त्याने डार्विनला लिहिले. डार्विन त्या वेळी मॅल्व्हर्नला होता. त्याची ॲनी १८५१ मध्ये वारली आणि पुरली गेली ती याच गावी. काळ दुःख सौम्य करील, पण मुलीचे विस्मरण होऊ देणार नाही, असा त्याच्या उत्तराचा आशय आहे. त्यात परलोकाचा आधार घेतलेला नाही. याच वर्षाच्या आरंभी डार्विनच्या नव्या काचगृहासाठी क्यू उद्यानातून रोपे आली होती. रोप मागणे आणि सांत्वन करणे, दोन्हींसाठी या दोघांजवळ भाषा एकच होती : नेमकी, अल्पाक्षरी, निरीक्षणावर उभी.

फ्रान्सिस डार्विन व सीवर्ड यांच्या १९०३ च्या संग्रहाने पत्रे विषयवार लावली. उत्क्रांती एका प्रकरणात, वनस्पतिशास्त्र दुसऱ्यात. अभ्यासकाची त्यात सोय झाली खरी, पण एका पत्राचे दुसऱ्याशी असलेले सान्निध्य मोडले. केंब्रिजची ३० खंडांची कालानुक्रमी आवृत्ती (१९८५–२०२३) ते परत मिळवून देते. तीत शोकाच्या पत्रानंतरचे पान उलटले की पुन्हा वेलींची चौकशी सुरू होते, आणि संपादकाने मध्ये रेघही ओढलेली नसते.