अल्ट्रा एचडी तबकड्या : घ्याव्यात की न घ्याव्यात?

धाराशिव जिल्ह्यातील लोहारा येथे शिक्षक असलेले आमचे एक स्नेही चित्रपटांचे शौकीन आहेत. गेल्या वीस वर्षांत त्यांनी बऱ्याच डीव्हीडी जमवल्या. अलीकडे त्यांच्या घरी ४३ इंची ‘फोर के’ दूरचित्रवाणी संच आला आणि त्यांनी आम्हाला तीन प्रश्न विचारले. अल्ट्रा एचडी तबकड्यांचा प्लेअर घ्यावा का? आवडते चित्रपट त्या नव्या तबकड्यांवर पुन्हा विकत घ्यावेत का? तिसरा प्रश्न त्यांनी जरा संकोचाने विचारला. त्यांच्याकडे १९९१ सालच्या एका घरगुती लग्नाची व्हीएचएस कॅसेट आहे. सास्तूरजवळच्या त्यांच्या मूळ गावातील घर, गल्ली आणि पार त्या चित्रणात आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात ते सारे गेले. नव्या यंत्राने ते चित्रण अधिक स्पष्ट दिसेल का?

तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच विचारातून मिळते. चित्र आपल्यापर्यंत पोहोचते ते चार टप्प्यांनी : मूळ चित्रण, तबकडी, पडदा आणि डोळा. एका टप्प्यावर गमावलेला तपशील पुढचा टप्पा परत आणू शकत नाही. म्हणून फक्त तबकडी सुधारून काय साधते, हे बाकीच्या तीन टप्प्यांकडे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

तबकडीवर काय असते?

आपल्याकडच्या डीव्हीडीवर चित्राची एक चौकट ७२० × ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार चित्रबिंदूंची असते. २००६ साली आलेल्या ब्लू-रे तबकडीवर ती १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार बिंदूंची झाली. अल्ट्रा एचडी ब्लू-रेचे मानक २०१५ साली ठरले आणि २०१६ पासून प्लेअर बाजारात आले. त्यात ३८४० × २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू असतात. ब्लू-रेच्या बरोबर चौपट. सर्वांत मोठ्या तबकडीत १०० जीबी माहिती मावते आणि ती सेकंदाला १२.८ कोटी बिट या वेगापर्यंत वाचता येते.

या आकड्यांबद्दल वाद नाही. प्रश्न आहे तो हे बिंदू आपल्या डोळ्याला वेगवेगळे दिसतात का, हा.

डोळ्याची मर्यादा

नेत्रतपासणीत ज्याला ६/६ दृष्टी म्हणतात, ती असलेल्या डोळ्याला साधारणपणे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनाने विलग असलेले दोन बिंदू वेगळे ओळखता येतात. हा कोन १ मीटर अंतरावर ०.२९ मिलिमीटर, ३ मीटरवर ०.८७ मिलिमीटर आणि ६ मीटरवर १.७५ मिलिमीटर एवढे अंतर व्यापतो. त्याहून जवळ असलेले बिंदू डोळ्याच्या लेखी एकच.

आता आमच्या स्नेह्यांचा संच घेऊ. ४३ इंच हा कर्ण झाला; पडद्याची रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटर भरते. अल्ट्रा एचडी चित्रात शेजारच्या दोन बिंदूंत पाव मिलिमीटर अंतर येते. ते वेगळे दिसायला पडद्यापासून ८५ सेंटिमीटरवर बसावे लागेल. ब्लू-रेच्या चित्रात हे अंतर अर्धा मिलिमीटर असते आणि ते बिंदू १.७ मीटरपर्यंत वेगळे दिसतात. डीव्हीडीच्या चित्रात ते १.३ मिलिमीटर असते. साडेचार मीटरपलीकडून तेही एकमेकांत मिसळतात.

स्नेह्यांच्या घरी पलंग आणि पडदा यांत ३ मीटर अंतर आहे. तिथून डीव्हीडी आणि ब्लू-रे यांतला फरक दिसेल. ब्लू-रे आणि अल्ट्रा एचडी यांतला बारकाव्यांचा फरक मात्र दिसणार नाही. चौपट बिंदूंचे पैसे द्यायचे आणि ते दिसत नाहीत अशा जागी बसायचे, असा हा व्यवहार होईल.

वर्गातही हाच हिशेब लागू पडतो. ६५ इंची पडदा सुमारे १४४ सेंटिमीटर रुंद असतो. अल्ट्रा एचडीचा पुरता लाभ त्यावर १.३ मीटरच्या आत मिळतो, म्हणजे पहिल्या बाकाच्याही पुढे. ६ मीटरवरच्या शेवटच्या बाकावरील मुलाला संपूर्ण रुंदीत जेमतेम ८२० बिंदू वेगळे दिसतील. त्याला बारीक बिंदूंची नव्हे, मोठ्या अक्षरांची गरज आहे.

एक सावधगिरी सांगायला हवी. एक कला ही काही निसर्गाने आखलेली रेघ नव्हे. अनेक तरुण डोळे याहून तीक्ष्ण असतात, आणि सरळ रेघेतला लहानसा खंड डोळा याहून कितीतरी सूक्ष्म असला तरी टिपतो. त्यामुळे वरचे आकडे थोडे पुढे-मागे होतील. निष्कर्ष बदलणार नाही.

खरा फायदा प्रकाशाचा

मग या तबकड्या निरर्थक आहेत का? तसे नाही. त्यांचा खरा फायदा जाहिरातीत कमी सांगितला जातो, कारण तो आकड्यात मांडणे अवघड आहे.

डीव्हीडी आणि ब्लू-रेवर लाल, हिरव्या व निळ्या रंगाच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या असतात. अल्ट्रा एचडीवर १०२४. मावळतीच्या आकाशात रंग हळूहळू बदलत जातात तिथे जुन्या तबकडीवर कधी कधी पट्टे दिसतात. नव्या तबकडीवर ते सहसा दिसत नाहीत. शिवाय जुन्या पद्धतीत चित्राची सर्वाधिक तेजस्विता दर चौरस मीटरला सुमारे १०० कँडेला धरलेली असते. नव्या पद्धतीत ती १००० किंवा अधिक धरून चित्र तयार करतात. अंधाऱ्या खोलीतल्या दिव्याची ज्योत खरोखर उजळ दिसते आणि तिच्या शेजारचा काळोख काळाच राहतो. हा फरक जवळ बसण्यावर अवलंबून नाही. तो ३ मीटरवरूनही दिसतो.

पण इथेही पडदा आडवा येतो. स्वस्त संच हा संकेत स्वीकारतात, पण त्यांची तेजस्विता बहुधा ३०० कँडेलाच्या आसपास अडते. खिडक्या उघड्या असलेल्या खोलीत पडद्यावर पडणारा उजेड काळोखाचे बारकावे धुऊन टाकतो. तेव्हा नवा प्लेअर घेण्याआधी जाड पडदे लावून पाहावेत. तो खर्च फार कमी आहे आणि त्याने जुन्या डीव्हीडीही सुधारतात.

मूळ चित्रणात नसेल तर?

१९७५ साली ‘शोले’ ७० मिलिमीटरच्या पडद्यावर झळकला. तो चित्रित मात्र ३५ मिलिमीटर फिल्मवर झाला होता. पुढे तो मोठा करून ७० मिलिमीटरच्या प्रती काढल्या. मोठे केल्याने नवा तपशील आला नाही. फायदा झाला तो उजळ चित्राचा आणि अनेक मार्गांच्या ध्वनीचा. आजची परिस्थिती याहून फार वेगळी नाही. या शतकाच्या सुरुवातीच्या काळातील कितीतरी चित्रपटांची अंतिम संगणकीय प्रत २०४८ बिंदू रुंदीचीच आहे. त्यांची अल्ट्रा एचडी तबकडी ही मोठी केलेली प्रतच असते.

याउलट चांगल्या अवस्थेतील जुन्या ३५ मिलिमीटर निगेटिव्हमध्ये ब्लू-रेला न मावणारा तपशील असतो. म्हणून जुने चित्रपट फोर केमध्ये उतरवून दुरुस्त करण्याच्या कामाला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. आचार्य अत्रे यांचा १९५३ चा ‘श्यामची आई’ असा दुरुस्त होऊन २०२३ च्या गोव्यातील चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. ‘शोले’ची दुरुस्त प्रत २०२५ मध्ये इटलीत बोलोन्या येथे दाखवली गेली. फिल्म नष्ट होण्यापूर्वी तिच्यातले सर्व काही उतरवून घेणे हे या कामाचे प्रयोजन आहे. पुढे ते आपण कोणत्या तबकडीवर पाहतो, हा दुय्यम प्रश्न.

तबकडी की आंतरजाल?

तबकडीच्या बाजूने एक मुद्दा मात्र भक्कम आहे. नेटफ्लिक्स फोर के चित्रासाठी सेकंदाला १.५ कोटी बिट एवढा वेग सुचवते. या वेगाने दोन तासांच्या चित्रपटाला साडेतेरा जीबी माहिती लागते. मोबाइलवर रोज दीड जीबी मिळणाऱ्या माणसाचा तो नऊ दिवसांचा शिधा झाला. तबकडीला जोडणी लागत नाही, तिच्यावर माहिती कित्येक पट अधिक असते आणि सेवेने चित्रपट काढून घेतला म्हणून ती कपाटातून नाहीशी होत नाही.

दुसरी बाजूही पाहावी. ऑप्पो कंपनीने २०१८ मध्ये प्लेअर बनवणे थांबवले आणि सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकी बाजारासाठी नवे प्लेअर काढणे बंद केले. तबकडी टिकेल, पण ती वाचणारे यंत्र बिघडल्यावर दुसरे सहज मिळेलच असे नाही.

त्या कॅसेटचे काय?

नवे प्लेअर आणि संच जुने चित्र मोठे करून दाखवतात. मधले बिंदू ते शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरतात. दर तीन तासांनी घेतलेल्या तापमानाच्या नोंदींमधून आपण आलेख काढतो, पण मध्ये वळवाची सर येऊन तापमान उतरले असेल तर तो आलेख ते सांगू शकत नाही, तसेच हे. व्हीएचएस चित्रणात आडव्या रुंदीत जेमतेम २४० रेषांचा तपशील असतो. आता कृत्रिम बुद्धिमत्तेने जुनी चित्रणे ‘स्पष्ट’ करून देणारी साधनेही निघाली आहेत. ती हजारो इतर चेहऱ्यांवरून शिकून पटण्याजोगा चेहरा रचतात. तो चेहरा आपल्या माणसाचा असेलच असे नाही. गेलेल्या माणसांच्या बाबतीत ही तडजोड कोणी करू नये असे आम्हाला वाटते.

या कॅसेटला धोका आहे तो वेगळाच. चुंबकीय फितीवरचा लेप धरून ठेवणारे द्रव्य दमटपणाने खराब होते, बुरशी धरते, उन्हाळ्याची उष्णता तिला सोसत नाही. व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाई या शेवटच्या कंपनीनेही २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. म्हणून आम्ही स्नेह्यांना सांगितले, की प्लेअर थांबू शकतो, कॅसेट थांबू शकत नाही. चालू व्हीसीआर असलेला एखादा जुना छायाचित्रकार गाठून ती संगणकावर उतरवून घ्यावी. तासाला १३ जीबी जागा लागेल इतक्या दर्जाची प्रत करावी, फार दाबून लहान केलेली नको. दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात, आणि मूळ कॅसेट टाकून देऊ नये.

डीव्हीडींबद्दलचा आमचा सल्ला असा. पडदा ५५ इंचांहून मोठा आणि चांगल्या तेजस्वितेचा असेल, खोली अंधारी करता येत असेल आणि दीड मीटरच्या आत बसत असाल, तर निवडक चित्रपट अल्ट्रा एचडीवर घ्यावेत. एरवी साधी ब्लू-रे पुरे. जो चित्रपट वर्षातून एकदाही पाहिला जात नाही, त्याची डीव्हीडीच राहू द्यावी.

वर्गात करून पाहा

पांढऱ्या कागदावर १ मिलिमीटर जाडीच्या काळ्या रेघा, मध्ये १ मिलिमीटर मोकळी जागा सोडून काढा. कागद चांगल्या उजेडात भिंतीवर लावा. प्रत्येक विद्यार्थ्याने मागे मागे जात रेघा मिसळून करडा रंग दिसू लागेल ते अंतर मोजावे. एक कलेच्या हिशेबाने ते ३.४ मीटरच्या आसपास यायला हवे. ज्यांचे अंतर फारच कमी येईल त्यांची नावे वेगळी लिहून ठेवा आणि पालकांना नेत्रतपासणीचा निरोप द्या. पडदा कोणता घ्यावा हे ठरवण्याआधी तो पाहणारे डोळे तपासून घेणे केव्हाही फायद्याचे.