घोड्यांचे भविष्य

दिवाळी अंक घरात आला, की आमच्याकडे कथा-कवितांच्या आधी राशिभविष्याचे पान उघडले जाते. त्याला कोणी कितीही हसो, आपली रास चोरून वाचल्यावाचून कोणी राहात नाही. तेव्हा भविष्याच्याच एका परदेशी प्रकाराचे परीक्षण येथे केले, तर वाचक रागावणार नाहीत अशी आशा आहे.

माझा भाचा इंग्लंडात बर्मिंगहॅमला नोकरी करतो. तेथून दक्षिणेला चेल्टनहॅम म्हणून गाव आहे. दर मार्चमध्ये तेथे चार दिवस अडथळ्यांच्या घोडदौडी होतात. एकूण २८ शर्यती. शेवटच्या दिवशी ‘गोल्ड कप’, सव्वातीन मैलांच्या वर अंतर आणि वाटेत २२ कुंपणे. आपल्या महालक्ष्मीला घोडे नुसते धावतात. येथे ते उड्या घेत धावतात, आणि पडतातही. या दिवसांत तिकडच्या वर्तमानपत्रांतून टिपांचा नुसता पाऊस पडतो. २०२५ च्या शर्यती आटोपल्यावर भाच्याने अशी काही कात्रणे मला पाठविली. सोबत दोनच ओळी होत्या : “मामा, तुम्ही जन्मभर पुस्तकांची परीक्षणे करीत आलात. यांनी मला फसवले, की मलाच वाचता आले नाही, तेवढे सांगा.”

प्रश्न बिनतोड होता. मी कात्रणे चष्मा पुसून वाचली.

पहिली गोष्ट कबूल केली पाहिजे, की हे गद्य चांगले आहे. आपल्याकडच्या पुष्कळ समीक्षेहून चांगले. जमीन ओली की कोरडी, ओल कोणत्या घोड्याला मानवते, शेवटच्या उडीनंतरचा तो छातीवर येणारा चढ कोणाचा दम काढील, हे सारे टिपकार चार वाक्यांत डोळ्यांपुढे उभे करतो. घोड्याचे कुळ तर तो असे सांगतो, की सोयरीक जमविणाऱ्या आत्याबाईंनी कान पकडावेत. मग शेवटी येतो ‘नॅप’, म्हणजे दिवसातली सर्वांत खात्रीची टीप. हा शब्द नेपोलियन नावाच्या पत्त्यांच्या डावातून आला आहे. नावच असे भारदस्त, की वाचणाऱ्याचा हात आपोआप खिशाकडे जावा!

मंगळवारची मोठी शर्यत ‘चॅम्पियन हर्डल’. कात्रणांतला नॅप होता कॉन्स्टिट्यूशन हिल. तोवर एकदाही न हरलेला घोडा. बाजारात भाव एकास दोन. म्हणजे दोन पौंड लावा, जिंकलात तर वर एक मिळेल. माझ्या टीकेचा सगळा रोख येथे आहे. या भावात तीन वेळा पैसे लावून दोनदा जिंकलात, तरी हाती शून्य उरते. मिळकत हवी, तर घोडा तिनांत दोनदांहून अधिक जिंकला पाहिजे. कात्रणांत घोड्याच्या गुणांवर रकानेच्या रकाने आहेत. हा साधा त्रैराशिकाचा हिशेब मात्र कोठेही नाही. ‘कोण जिंकेल?’ याचे उत्तर आहे, ‘या भावात घ्यावा का?’ याचे नाही. पुस्तक उत्तम आहे म्हणून सांगायचे आणि किंमत झाकून ठेवायची, असे परीक्षण आम्ही केले असते तर संपादकांनी परत पाठविले असते.

दुसरा दोष मला अधिक खटकला. अडथळ्यांच्या शर्यतीवर लिहिणारे हे लोक अडथळ्याविषयी चकार शब्द काढीत नाहीत. घोडा पडेल, हे वाक्य त्यांच्या लेखणीतून उतरतच नाही. त्या दिवशी कॉन्स्टिट्यूशन हिल मध्येच पडला. मग आदल्या वर्षीचा विजेता स्टेट मॅन आघाडीवर आला, आणि अगदी शेवटच्या अडथळ्यावर तोही पडला. जिंकली ती गोल्डन एस नावाची घोडी. तिचा भाव होता एकास पंचवीस. चेल्टनहॅमला हे नवे नाही. २०१५ साली ॲनी पॉवर अशीच जिंकत आली असता शेवटच्या अडथळ्यावर कोसळली होती. आणि १९९० चा गोल्ड कप जिंकला तो वेल्समधल्या एका गवळ्याच्या नॉर्टन्स कॉइनने. भाव एकास शंभर! लोकांचा लाडका डेझर्ट ऑर्किड तिसरा आला.

एक न्याय मात्र केला पाहिजे. राशिभविष्यवाल्याला वर्षभराची सवड असते, शिवाय त्याचे शब्दही कसेही वळतात. टिपकार नाव घेऊन बोलतो आणि दिवस मावळण्यापूर्वी उघडा पडतो. हे धैर्य आमच्या धंद्यात कोणी दाखवीत नाही, मीही नाही.

भाच्याने खोलीचे महिन्याचे भाडे त्या नॅपवर लावले होते. ताईच्या घरी हा अंक जातो, म्हणून रक्कम लिहीत नाही. मी त्याला कळविले, “अरे, त्यांनी लिहिलेले तू नीट वाचलेस, त्यांनी न लिहिलेले वाचायचे राहिले. आता बुधवारचेही कात्रण पाठव.”

तेही आले. पहिल्या तीन ओळींत मंगळवारच्या नशिबाला बोल लावून झाला होता, आणि चौथीपासून बुधवारचा नॅप सुरू होता.