चाल तीच, मालक कोण?

मराठी माणसाला दुसऱ्याच्या चालीवर गाण्याची मुळीच लाज वाटत नाही. उलट तो ते छापून सांगतो. संगीत नाटकाचं जुनं पुस्तक उघडून पाहा. पदाच्या डोक्यावर 'चाल' असं लिहून ती कुठली, ते दिलेलं असतं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'सौभद्र' १८८२ साली रंगभूमीवर आलं, तेही याच रिवाजाचं. उसनवारी होती, पण वहीत मांडलेली!

पुढे उसनवारी वाढली आणि वही हरवली. १९७२ सालच्या 'समाधी'तलं 'काँटा लगा' २००२ साली रीमिक्स होऊन परतलं. चाल तीच, शब्द तेच, नवीन काय ते धडधड. आजीच्या पैठणीला रेग्झिनचे काठ लावावेत, तसं! निवडणुकीत सिनेमाच्या चालीवर उमेदवाराचे गोडवे गातात, त्यालाही लोक विडंबन म्हणतात. अहो, त्यात त्या गाण्याबद्दल काही म्हटलेलं असतं का? ते तर दुसऱ्याच्या घोड्यावर आपला नवरदेव!

विडंबन पाहायचं तर केशवकुमारांचं, म्हणजे आचार्य अत्र्यांचं. १९२५ साली 'झेंडूची फुले' आलं. केशवसुतांनी 'आम्ही कोण?' असं विचारून कवीला आकाशाएवढा केला होता. अत्र्यांचा कवी तेच विचारतो आणि पुरावा म्हणून मासिकातला स्वतःचा फोटो दाखवतो! टोला मूळ कवितेला नाही. तिची ऐट उसनी घेऊन मिरवणाऱ्यांना आहे. आणि हे साधायला मूळ कविता तोंडपाठ असावी लागते. विडंबन वाचून मूळ कविता पुन्हा वाचावीशी वाटली, तर ते जमलं. रीमिक्स ऐकून मूळ गाण्याला 'सावकाश' म्हणावंसं वाटलं, तर समजावं की घात झाला.

कायद्याला मात्र हा फरक नीटसा कळत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात टीका आणि परीक्षण यांसाठी सूट आहे; विडंबन हा शब्दच नाही. म्हणजे हसायचं असेल तर आधी टीकाकार असल्याचं सिद्ध करा! १९९६ साली केरळच्या उच्च न्यायालयानं एका नाटकाला उत्तर देणाऱ्या नाटकाला टीका मानून मोकळीक दिली, ही त्यातल्या त्यात शहाणपणाची गोष्ट. दुसऱ्याचं गाणं नव्यानं ध्वनिमुद्रित करायचं तर २०१२ च्या दुरुस्तीनं पाच वर्षं थांबायला लावलं आणि वर्षाला निदान ५०,००० प्रतींचं मानधन ठेवलं. हे रास्तच झालं. गीतकाराच्या घरीही चूल असते.

पण यूट्यूबवर निवाडा करायला आधी यंत्र बसतं. त्याला चाल ओळखता येते, चेष्टा ओळखता येत नाही. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत असे काही काका असतात. पण ते निदान व्हिडिओ तरी काढून टाकत नाहीत.

आता खरी गंमत पाहा. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. केशवसुत १९०५ साली गेले; त्यांची कविता केव्हाच सर्वांची झाली. अत्रे गेले १९६९ साली. त्यांचा हक्क २०२९ अखेरपर्यंत. म्हणजे आज केशवसुत कुणीही खुशाल छापावेत, त्यांच्या कवितेवरचं विडंबन छापायला मात्र परवानगी काढावी! अमर काव्य फुकट आणि थट्टेला भाव. हा हिशेब ऐकून सर्वांत मोठ्यानं कोण हसलं असतं, ते सांगायला नकोच.