‘माझी आता तक्रार नाही’ : एका वाक्याची चिकित्सा

मागच्या व्याख्यानानंतर नावड्यातल्याच एका गृहस्थांनी मला दाराशी गाठलं. म्हणाले, ‘सर, सून केस मागे घ्यायला तयार आहे, आम्हीही तयार आहोत. मग पनवेलच्या कोर्टात ती बंद का होत नाही?’ मी वकील नाही, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण त्यांचा प्रश्न डोक्यातून जाईना. कारण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे. गुन्हा एकदा घडला की तो माफ करण्याचा अधिकार कुणाचा? जिनं सोसलं तिचा, की समाजाचाही?

आधी कायदा काय आहे ते बघू. नवऱ्यानं किंवा त्याच्या नातेवाइकांनी विवाहितेचा छळ करणं हा स्वतंत्र गुन्हा १९८३ च्या दुरुस्तीनं झाला. तेच ते कलम ४९८-अ. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ या कलमांत आलं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आणि हा गुन्हा ‘कंपाउंडेबल’ नाही. म्हणजे दोघांनी आपसात मिटवलं, एवढ्यावर खालचं कोर्ट खटला बंद करू शकत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. लोक त्याला ‘क्वॉशिंग’ म्हणतात. पूर्वी तो अर्ज कलम ४८२ खाली व्हायचा, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ५२८ खाली होतो.

उच्च न्यायालयात जाणाऱ्या वाटा दोन आहेत आणि आपण त्यांची सरमिसळ करतो. पहिली वाट गुणवत्तेची. फिर्याद शब्दशः खरी धरली तरी त्यातून गुन्हा दिसतो का, एवढंच न्यायालय बघतं. समजा, दुसऱ्या गावी नांदणाऱ्या नणंदेचं नाव फिर्यादीत आहे, पण तिनं काय केलं, कधी केलं, याची एक ओळही नाही. अशा माणसाला वर्षानुवर्षं तारखांना बोलावणं हा अन्यायच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये दारा लक्ष्मी नारायण प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं अशाच मोघम आरोपांवरचा खटला रद्द केला. या वाटेवर संमतीचा संबंध नाही. ही वाट मला मान्य आहे, आणि आरोपीनं ती धरण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

दुसरी वाट संमतीची. माझी टीका आहे ती इथे. २००३ मध्ये बी. एस. जोशी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की हे कलम स्त्रीच्या संरक्षणासाठी आहे. त्याचा फार तांत्रिक अर्थ लावला तर बायका समेटाकडे वळणारच नाहीत. यात माणुसकी आहे. मग २०१२ मध्ये ज्ञान सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठानं हीच भूमिका पक्की केली. खून, बलात्कार, दरोडा हे तडजोडीनं मिटणार नाहीत. पण लग्नातून निघालेले, मुळात खाजगी स्वरूपाचे गुन्हे समेट झाल्यावर रद्द करता येतील.

‘खाजगी’ या शब्दापाशी मी अडखळतो. प्रमिला दंडवते यांची महिला दक्षता समिती हुंडाबळींचा प्रश्न घेऊन रस्त्यावर उतरली होती, ती कशासाठी? ‘हा आमच्या घरातला मामला आहे’ हे उत्तर यापुढे चालणार नाही, हे सांगण्यासाठी. १९८३ चा कायदा त्या मागणीचं फळ आहे. म्हणजे पुढच्या दारानं बाहेर घालवलेला ‘खाजगी’ हा शब्द मागच्या दारानं परत घरात आला, आणि तो आणला न्यायालयानं. तोही चांगल्या हेतूनं, हे मला जास्त खटकतं.

आता ते प्रतिज्ञापत्र घ्या. त्यात बहुधा एक वाक्य असतं: ‘माझी आता तक्रार नाही.’ नीट वाचा. ‘तसं घडलंच नाही’ असं ती म्हणत नाही. तरी गुन्हा रद्द झाला की सासरचे पेढे वाटतात, ‘बघा, खोटीच केस होती!’ संमतीनं रद्द झालेली केस खोटी ठरत नाही, आणि खरीही ठरत नाही. ती फक्त थांबते.

आणि ही संमती कसली? ॲरिस्टॉटलनं एक उदाहरण दिलंय. वादळात जहाज बुडू लागलं की खलाशी माल समुद्रात फेकतात. स्वतःच्या हातानं फेकतात, म्हणून कृती ऐच्छिक. पण शहाणा माणूस एरवी स्वतःचा माल पाण्यात टाकेल का? अशा कृतींना तो ‘मिश्र’ म्हणतो. म्युच्युअल घटस्फोट, पोटगीची एकरकमी रक्कम, स्त्रीधन, मुलाचा ताबा, आणि या सगळ्याला जोडून गुन्हा मागे घेण्याची अट. अशा कन्सेंट टर्म्सवरची सही मला त्या खलाशासारखी वाटते. नवऱ्याकडची सहीसुद्धा कित्येकदा तशीच असते; म्हाताऱ्या आईला कोर्टाच्या पायऱ्या चढायला लागू नयेत म्हणून तोही वाटेल तो आकडा कबूल करतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. पृथ्वीराज चव्हाण यांच्यापुढे पुण्याकडचं असंच एक प्रकरण होतं. संमतीनं ४९८-अ रद्द करण्याचे निदान दहा अर्ज रोज येतात, माणसं खेड्यापाड्यांतून येतात, प्रवास, मुक्काम, बुडालेला रोज सोसतात, असं खंडपीठानं नोंदवलं. हा गुन्हा न्यायालयाच्या परवानगीनं आपसात मिटवता यावा, हे केंद्रापुढे मांडायला सांगितलं. आंध्र प्रदेशानं ती सोय आधीच केलेली होती.

मला ही सूचना पटते, पण माझं कारण वेगळं आहे. नावड्याहून फोर्टपर्यंतची खेप वाचेल हे खरंच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, रोज दहा अर्ज हातावेगळे करणाऱ्या पीठाला एका बाईशी निवांत बोलायला वेळ कुठून मिळणार? पनवेलचा दंडाधिकारी तिला एकटीला आत बोलावू शकेल. ठरलेले पैसे हातात पडले का? मुलाचं काय ठरलं? ‘नाही’ म्हणालीस तर आज रात्री कुठे झोपशील? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर ती संमती मानू नये. आणि आदेशात स्वच्छ लिहावं, की खटला संमतीनं बंद झाला की आरोपांत दम नव्हता म्हणून. निर्दोष नणंदेला ‘तडजोड करून सुटली’ हा शिक्का तरी का बसावा?

त्या गृहस्थांना मी एवढंच म्हणालो, ‘चांगला वकील गाठा. पण त्याआधी सुनेला, तुम्ही कुणी जवळ नसताना, तिला खरंच काय हवंय ते तिच्या माणसांपाशी बोलू द्या.’ ते गप्प झाले. रागावले का, ते माहीत नाही. आज ते समोर बसलेले दिसतायत, म्हणजे फारसे नसावेत.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.