सिंधूने कोणाला वाचवलं?

राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' हे आपल्या बडोद्याचं नाटक आहे असं मी म्हटलं, तर पुण्या-मुंबईची मंडळी हसतील. पण गडकरी 1885 साली जन्मले ते नवसारीला, म्हणजे गायकवाडांच्याच मुलखात. आणि या नाटकाचा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने फेब्रुवारी 1919 मध्ये बडोद्यालाच केला. तो बघायला गडकरी नव्हते. महिनाभर आधी, 23 जानेवारीला, ते सावनेरला वारले. पदंसुद्धा वि. सी. गुर्जरांनी करून दिली. तेव्हापासून 'सिंधू' हे आपल्या घरांत एक विशेषणच होऊन बसलं आहे. मुकाट्याने सोसणाऱ्या सुनेला "अगदी सिंधू आहे हो!" असं म्हटलेलं मी लहानपणापासून ऐकत आले. त्या कौतुकात नक्की काय दडलंय, हे पाहायला मी नाटक पुन्हा वाचलं.

गोष्ट तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. सुधाकर बुद्धिमान वकील, पण मानी. कोर्टात खटका उडतो, सनद काही काळ जाते, आणि अपमान विसरायला त्याचा कारकून तळीराम त्याला एक प्याला देतो. मग वकिली जाते, घर जातं, अब्रू जाते. सिंधू श्रीमंत माहेरची लेक. भाऊ पद्माकर न्यायला आला तरी ती जात नाही, दळणकांडण करून संसार रेटते. शेवटी दारूच्या धुंदीत सुधाकराच्या हातून तान्हं बाळ जातं, सिंधूही घायाळ होते, आणि मरता मरता नवऱ्याला वाचवायला पोलिसांसमोर खोटं बोलते. सुधाकर विष घातलेला शेवटचा प्याला पितो.

आपण या नाटकातून दोन धडे काढले. पुरुषांसाठी 'दारू वाईट' आणि बायकांसाठी 'सिंधू व्हा'. पहिला धडा बरोबरच आहे. दुसऱ्याबद्दल मला बोलायचं आहे.

पाठशाळेत आपण सप्तव्यसनं पाठ करतो, त्यांत मद्य आहेच. पण त्याहून उपयोगाची एक गोष्ट आपल्याला शिकवलेली असते: कृत, कारित आणि अनुमोदना. पाप स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, किंवा कुणी करताना त्याला मान डोलावली. तिन्हींचा दोष लागतो. या मापाने नाटक मोजून बघा. सुधाकर करणारा. तळीराम करवणारा. आणि अनुमोदना? तळीरामाच्या 'आर्यमदिरामंडळा'त बसून खिदळणारे सगळे. आणि त्या प्रवेशांना दिलखुलास हसणारे आपण प्रेक्षकसुद्धा थोडेफार त्यातच.

याच मापात आणखी एक गट येतो, त्याच्याकडे आपलं लक्ष जात नाही. मधे एकदा सुधाकर दारू सोडतो आणि कामासाठी दारोदार फिरतो. सभ्य, निर्व्यसनी, प्रतिष्ठित माणसं त्याला उभं करत नाहीत. तो पुन्हा दारूकडे वळतो. त्या माणसांपैकी एकानेही थेंब घेतलेला नाही, कुणाला पाजलेला नाही. तरी त्यांचे हात स्वच्छ आहेत असं मला म्हणवत नाही. व्यसनी माणसाला नावं ठेवणं फुकट असतं. त्याला काम देण्यात जोखीम असते. आपण बहुतेक वेळा फुकटचं तेवढं करतो.

मग सिंधूचं सोसणं ही अनुमोदना का? असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. ज्याच्या हातात काही आहे त्याचं गप्प बसणं आणि जिच्या हातात काहीच नाही तिचं गप्प बसणं, यांना एका तराजूत घालू नये. 1919 साली सिंधूसारख्या हिंदू बाईला नवरा सोडायचा तर कायद्याची वाट जवळजवळ नव्हतीच. ज्या बडोद्यात हे नाटक पहिल्यांदा उभं राहिलं, त्याच संस्थानात 1931 साली घटस्फोटाचा कायदा झाला, तोही देशात बहुतेक ठिकाणी तशी सोय व्हायच्या कितीतरी आधी. साऱ्या देशासाठी, आपल्या जैन समाजासह, तो हक्क 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने आला. तेव्हा सिंधूला "गेली का नाहीस?" असं विचारणं अन्यायाचं. पण आज लेकीला "सिंधूसारखी राहा" असं सांगणं हा त्याहून मोठा अन्याय.

शेवटची जबानी मात्र मला गिळवत नाही. नाटक त्या खोट्याला सतीत्वाचं शिखर मानतं, आणि नाट्यगृह पदराने डोळे पुसतं. पण त्या घरात एक जीव गेलेला आहे. बाळाच्या बाजूने कोण बोललं? आईने बापाला वाचवायचं ठरवल्यावर मुलाची बाजू मांडणारं कुणी उरत नाही. अहिंसा म्हणजे मुंगी चुकवून पाऊल टाकणं, हे आपल्याला चांगलं कळतं. घरातल्या सगळ्यांत दुबळ्या जिवाचं रक्षण ही तिची पहिली पायरी आहे, हे आपण सोईस्करपणे विसरतो.

गडकऱ्यांनी सिंधूसमोर दुसऱ्या दोघी उभ्या केल्या आहेत. तळीरामाची बायको गीता फटकळ, मनातलं तोंडावर बोलणारी. सुधाकराची बहीण शरद बालविधवा, तिचं पुन्हा लग्न होतं. म्हणजे लेखक काही जुन्याला चिकटून बसलेला नव्हता. पण गंमत पाहा: गीतेचं खरं बोलणं हशात जातं आणि सिंधूचं गप्प राहणं अश्रूंत. बाईची जीभ विनोदी आणि बाईचं मौन उदात्त! ही वाटणी नाटकापुरती राहिली नाही, आपल्या बैठकांतही तीच चालते.

आणि ही सिंधू घडवली कुणी? लिहिली पुरुषाने, रंगमंचावर साकारली बालगंधर्वांनी. भरजरी शालूंसाठी नावाजलेले गंधर्व यात ठिगळांचं जाडंभरडं लुगडं नेसून आले आणि बायका हुंदके देऊन रडल्या. त्या रडण्याला मी हसणार नाही. कितीजणींनी आपलं घरचं दुःख पहिल्यांदाच चारचौघांत, दुसरीच्या नावावर, रडून घेतलं असेल. पण रडून झाल्यावर त्या कुठे गेल्या? त्याच घरी.

तरी गडकऱ्यांचं एक ऋण मान्य करायला हवं. त्यांनी खोटा दिलासा दिला नाही. सावित्रीने नवरा परत आणला. सिंधूला तो आणता आला नाही. तिच्या सोसण्याने सुधाकर वाचला नाही, बाळ वाचलं नाही, ती स्वतःही वाचली नाही. व्यसनी माणसाला खरी संधी असते ती पहिल्या प्याल्याआधी, हे नाटकात सुधाकरच रामलालला समजावून सांगतो. बायकोने मुकाट सोसल्याने ती संधी परत येत नाही. ज्यांनी या नाटकातून सोसण्याची शिकवण काढली, त्यांनी बहुधा शेवटचा अंक नुसता ऐकला, वाचला नाही.

भगिनींनो, आपल्या ओळखीच्या घरांतही बाटली आहे. पर्युषणात ती कपाटात जाते, एवढंच. अशा घरातली लेक दाराशी आली, तर "लोक काय म्हणतील" हे शब्द तोंडातून निघण्याआधी तिला आत घ्या. मुलाचं दप्तर आणलंय का, शाळेची सोय काय, ते विचारा. तिच्या नवऱ्याने उद्या खरोखर दारू सोडली, तर त्याला दुकानावर उभं करायला आपल्यातला कुणी तयार आहे का, तेही आजच बघून ठेवा. आणि तिला सिंधू म्हणू नका.