बाथटब आणि बादली

कालव्यावरच्या बोटीत राहणाऱ्या माणसाला लोक पहिला प्रश्न विचारतात थंडीचा. दुसरा, आवाज जरा खाली आणून, संडासाचा. मी बर्मिंगहॅमला ऑनसाइट असताना आमच्या टीममधला एकजण नॅरोबोटवर राहायचा. त्याला मीही हेच दोन प्रश्न याच क्रमानं विचारले. थंडीला कोळशाची शेगडी, आणि संडासाला कॅसेट, तो म्हणाला. कॅसेट म्हणजे प्लॅस्टिकची छोटी टाकी. ती भरली की ठरलेल्या जागी नेऊन आपल्या हातानं रिकामी करायची. मग त्यानं मला एल. टी. सी. रोल्टचं ‘नॅरो बोट’ वाचायला दिलं. म्हणाला, “हे वाचून मी बोट घेतली. कामं नंतर कळली.”

ते वाक्य डोक्यात ठेवूनच मी पुस्तक वाचलं, आणि माझी तक्रारही तिथूनच सुरू होते.

रोल्ट शिकलेला इंजिनीअर. १९३९च्या उन्हाळ्यात तो आणि त्याची बायको अँजेला ‘क्रेसी’ नावाची जुनी लाकडी बोट घेऊन बॅनबरीहून निघाले आणि इंग्लंडच्या मधल्या भागातल्या कालव्यांवरून फिरले. त्या प्रवासाचं हे पुस्तक १९४४च्या डिसेंबरात, युद्ध चालू असताना आलं. त्यातले फोटो अँजेलानं काढलेले आहेत.

पुस्तक चांगलं आहे, हे आधी सांगतो. यंत्र कसं चालतं हे समजून घेणाऱ्या माणसाची नजर त्यात आहे. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद. त्यात पाणी भरलं की बोट वर चढते, सोडलं की खाली उतरते. हे लॉक जेमतेम सात फूट रुंद, म्हणून बोटही सात फुटांच्या आतली, आणि लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत. अडीचशे वर्षांपूर्वी कुणीतरी ठरवलेलं एक माप, आणि त्यावर उभी राहिलेली माणसांची अख्खी जगण्याची पद्धत. कोड लिहिणाऱ्याला हे लगेच पटतं. रोल्टच्या वर्णनांनी आपलाही वेग उतरतो. रात्री दोन वाजता सर्व्हर पडला म्हणून उठवलेल्या माणसाला तर ते औषधासारखं लागू पडतं. मी अर्ध्या पुस्तकातच एक्सेल शीट उघडली होती. बोट, लायसन्स, विमा, डिझेल, कोळसा, दर दोन-तीन वर्षांनी तळाला लावायचा काळा रंग.

त्या शीटमध्ये एक रकाना नव्हता, वेळेचा. तो रोल्टच्या पुस्तकातही नाही.

माल वाहणाऱ्या बोटीत राहायची केबिन मागच्या टोकाला, जेमतेम दहा फूट लांब. त्यातच चूल, खाट, कपाट आणि पोरंबाळं. संडास म्हणजे बादली. उरलेली सगळी बोट कोळशाची. रोल्टनं काय केलं? मालाची जागा मोकळी करून तिथं घर केलं. ‘क्रेसी’वर दोन माणसं आणि एक बाथटब होता. यात गैर काही नाही. पण त्या बाथटबात बसून शेजारच्या बोटीतलं आयुष्य साधं, समाधानी दिसणारच. रोल्टला बोटवाल्यांच्या केबिनवर रंगवलेले गुलाब आणि किल्ले दिसतात, घासून लखलखीत केलेलं पितळ दिसतं, हरवत चाललेली कारागिरी दिसते. तो त्यांच्यावर खरंच जीव टाकतो. पण त्यांना पैसे वाहिलेल्या मालाचे मिळत, ताटकळलेल्या तासांचे नाही. संध्याकाळ सुंदर आहे म्हणून बोट बांधून थांबणं रोल्टला परवडत होतं, त्यांना नाही. पुस्तकाची सगळी संथ लय या परवडण्यावर उभी आहे, आणि लेखक ते ठळकपणे कुठेच सांगत नाही.

हे लख्ख दिसलं ते एमा स्मिथचं ‘मेडन्स ट्रिप’ वाचल्यावर. पुरुष युद्धावर गेलेले, तेव्हा बोटींवर मुलींना घेतलं जात होतं. एमा १९४३ साली, विशीच्या आसपास, अशी कामाला लागली. तिचं पुस्तक आलं १९४८मध्ये. तीन मुली आणि बोटींची जोडी, पुढची इंजिनाची, मागची ओढली जाणारी. लंडनहून पोलाद बर्मिंगहॅमला न्यायचं, परतताना कॉव्हेंट्रीच्या बाजूचा कोळसा आणायचा. अनेक फेऱ्यांचे अनुभव तिनं एकाच फेरीत बसवलेत. या पुस्तकात सतत भूक लागते. दोऱ्या ओल्या असतात, हात सोलवटतात, कोण काय करणार यावरून भांडणं होतात. आणि तरीही ते रोल्टच्या पुस्तकापेक्षा जास्त आनंदी आहे. त्यातला आनंद काम जमायला लागल्याचा आहे. इथं बोटवाले कौतुकानं न्याहाळायची माणसं नाहीत. ते कामात तरबेज आहेत आणि या मुली शिकाऊ.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मित्राला लॉक चालवायला हात हवे होते, म्हणून मी टार्डबिगला गेलो. तिथं ओळीनं तीस लॉक आहेत. प्रत्येक ठिकाणी लोखंडी हँडल फिरवून पाण्याची झडप उचलायची, थांबायचं, मग पाठ लावून दरवाजा ढकलायचा. दहाव्या लॉकनंतर मी निसर्ग बघणं सोडून दिलं. सगळ्यात वरच्या लॉकपाशी रोल्टच्या नावाचा फलक आहे. युद्धकाळात ‘क्रेसी’ इथंच बांधलेली होती. पुस्तक वाचून भारावलेला रॉबर्ट आइकमन १९४५मध्ये त्याला इथंच भेटला, आणि १९४६मध्ये कालवे वाचवणारी इनलँड वॉटरवेज असोसिएशन उभी राहिली.

पण त्या फलकापाशी उभं राहून मला पुढचं आठवत होतं. रोल्टचा जीव मालाच्या बोटींत अडकलेला. जिथं त्या चालतात ते कालवे आधी वाचवा, असं त्याचं म्हणणं. आइकमनला सगळेच वाचवायचे होते. १९५१मध्ये रोल्टला स्वतःच्याच संस्थेतून काढलं गेलं. १९६२-६३च्या हिवाळ्यात कालवे गोठले, आणि आधीच मोडकळीला आलेली मालवाहतूक जवळजवळ संपली. पुस्तकानं कालवे वाचवले. ज्यांच्यासाठी ते लिहिलं होतं ते बोटवाले वाचले नाहीत. उरला तो पुस्तकाचा वाचक, म्हणजे मालाच्या जागी घर करणारा दुसरा रोल्ट. आज कालव्यांवर तीस हजारांहून जास्त बोटी आहेत, आणि जवळजवळ सगळ्या ‘क्रेसी’च्या वंशातल्या.

त्या बोटींवरचं आयुष्य रीलमध्ये फार गोड दिसतं. कायमची जागा नसेल तर साधारण चौदा दिवसांत बोट हलवावी लागते, मग बाहेर बर्फ असो की तुम्हाला ताप. टाकीत पाणी भरायचं, कोळसा आणायचा, कॅसेट रिकामी करायची. लंडनमध्ये कित्येकजण घरभाडं परवडत नाही म्हणून बोटीवर आलेत. त्यांना हा ‘स्लो लाइफ’ शब्द ऐकवून बघावा. संथ आयुष्य हलकं नसतं. त्यात कामंच जास्त असतात, म्हणून ते संथ असतं.

म्हणून ‘नॅरो बोट’ वाचू नका असं मी म्हणणार नाही. वाचा, पण ‘मेडन्स ट्रिप’च्या नंतर. आधी हात, मग डोळे.

एक्सेल शीट मी अजून डिलीट केलेली नाही. वेळेचा रकाना तेवढा वाढवलाय. पुस्तक परत करताना मित्राला एमा स्मिथ दिली. दोन आठवड्यांनी त्याचा मेसेज आला: बोट हलवली, पाणी भरलं, कॅसेट झाली. आता वाचायला बसतोय.