ग्रंथाची जोखीम

म्हैसूर जिल्ह्यातील बन्नूर हे व्यासतीर्थांचे जन्मस्थान मानले जाते. विजयनगरच्या दरबारी मान पावलेल्या या द्वैती आचार्यांना प्रकाशक शोधावा लागला नाही. त्यांच्या ‘न्यायामृता’चे खंडन करण्यासाठी मधुसूदन सरस्वतींनी ‘अद्वैतसिद्धि’ लिहिली. म्हणजे ग्रंथ प्रतिपक्षापर्यंतही पोहोचला होता. ज्याला पोथी हवी, त्याने ती नकलून घ्यावी, असा तो काळ होता. मुद्रणाने हा क्रम उलटा केला. वाचक लाभण्यापूर्वीच कागद, छपाई आणि बांधणी यांत पैसा गुंतवावा लागू लागला. ही जोखीम कोण पत्करतो, यावरूनच प्रकाशकाची प्रतिष्ठा ठरवावयास हवी.

याच जिल्ह्याच्या मुख्य शहरी, म्हैसूरला, आर. के. नारायण यांची लेखनसाधना झाली. त्यांच्या ‘स्वामी अँड फ्रेंड्स’चे हस्तलिखित लंडनच्या अनेक प्रकाशकांनी परत केले. ऑक्सफर्डमधील एका मित्राने ते ग्रॅहम ग्रीन यांना दाखविले आणि ग्रीन यांच्या शिफारशीमुळे १९३५ मध्ये हॅमिश हॅमिल्टन यांनी ते प्रसिद्ध केले. ही हकीकत बहुधा दैवयोग म्हणून सांगितली जाते. तिचे मर्म मात्र पुढील घटनांत आहे. पहिले पुस्तक फारसे खपले नाही. दुसरी कादंबरी १९३७ मध्ये नेल्सनकडून, तर तिसरी १९३८ मध्ये मॅकमिलनकडून निघाली. प्रकाशक बदलत गेले. ग्रीन यांचा विश्वास आणि वाङ्मय-प्रतिनिधी डेव्हिड हायम यांचा उद्योग टिकून राहिला. प्रतिनिधीला लेखकाच्या मिळकतीतून हिस्सा मिळतो. लेखकाला काही मिळाले नाही, तर त्यालाही मिळत नाही. या व्यवसायातील नीती एवढ्या साध्या हिशेबात सामावलेली आहे. पुढे महायुद्धामुळे इंग्लंडशी संपर्क दुरावला, तेव्हा नारायण यांनी म्हैसूरलाच ‘इंडियन थॉट पब्लिकेशन्स’ ही संस्था काढली. ती जोखीम त्यांनी समजून-उमजून स्वतःच्या शिरावर घेतली होती.

मराठीत असा प्रतिनिधी रुजला नाही. त्याचे काम संपादक-प्रकाशकांनी केले. ‘मौज’चे श्री. पु. भागवत हस्तलिखितावर लेखकासह परिश्रम घेत. रा. ज. देशमुख यांनी १९६३ मध्ये पंचविशीतील भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही पहिलीच कादंबरी छापली. अपरिचित लेखकावर पैसा लावणे हा एक प्रकारचा समीक्षात्मक निर्णयच असतो.

आज लेखकाकडूनच खर्च घेऊन पुस्तक छापण्याची पद्धत सर्रास दिसते. लेखकाने उघडपणे स्वतःचे पुस्तक काढण्यात उणेपणा नाही. परंतु सर्व खर्च लेखकाने सोसावा आणि नाव मात्र प्रकाशकाचे मिरवावे, यात निवड नाही आणि म्हणून मूल्यमापनही नाही. नवोदिताने प्रकाशकाची यादी किती मोठी, हे पाहण्याऐवजी त्या यादीतील किती पुस्तके त्याने स्वतःच्या हिमतीवर काढली, हे विचारावे. नकार देण्याचा अधिकार ज्याने विकलेला नाही, त्याच्याच होकाराला अर्थ असतो.